एक वीत फिल्म

कोयनेचा भूकंप झाला तो १९६७ च्या डिसेंबरात. आमच्याकडं अजूनही जुनी माणसं वर्षं मोजताना ‘भूकंपाच्या आदी’ आणि ‘भूकंपानंतर’ असंच म्हणतात. ही गोष्ट भूकंपाच्या आदल्या सालातली. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो.

आमचं गाव खटाव तालुक्यातलं. पुसेगावपासून बैलगाडीनं दोन-अडीच तासांवर. थंडी पडली की पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा भरते. रथावर नोटांच्या माळा चढतात, आणि माळावर जनावरांचा मोठा बाजार भरतो. त्या साली आबांना एक खोंड विकायचा होता. चांगला दर येईपर्यंत हलायचं नाही असं ठरवून आम्ही बाप-लेक गाडीखालीच मुक्काम ठोकून राहिलो होतो. आईनं आठ दिवस पुरतील एवढ्या भाकरी, चटणी आणि शेंगदाण्याचं कूट बांधून दिलं होतं. आबा दिवसभर खोंडाजवळ. मला काम असं काहीच नव्हतं. मग मी दिवस उगवला की तंबूकडं.

तंबू म्हणजे टुरिंग टॉकीज. आजच्या पोरांना सांगून पटायचं नाही, पण त्या काळी खेड्यातल्या माणसाला सिनेमा भेटायचा तो यात्रेतच. चहूबाजूंनी कनात, वर मेणकापड, मध्ये पांढरा पडदा. बसायला जमीन. बायका एकीकडं, गडी एकीकडं, मध्ये दोर. गर्दी झाली की पडद्याच्या मागच्या बाजूलाही माणसं बसवायची आणि तिकीट कमी घ्यायचं. मागून बघणाऱ्याला सगळं उलटं दिसे. अक्षरं उलटी, नायक डावखुरा. पण त्याचं कुणाला काही वाटत नसे. दिवसा पोस्टर लावलेली बैलगाडी यात्रेतून फिरायची, पुढं हलगी, आणि संध्याकाळ झाली की भोंग्यावर रेकॉर्डी लागायच्या. डिझेलच्या इंजिनाचा धडधडाट सुरू झाला की आबासुद्धा म्हणायचे, ‘लागला वाटतं खेळ.’

त्या साली एका तंबूत ‘सांगत्ये ऐका’ होता.

ह्या पिक्चरचं मला इतकं वेड का, ते सांगायचं तर आधी रेडिओचं सांगायला पाहिजे. आमच्या गावात रेडिओ एकच, ग्रामपंचायतीचा. तो चावडीत कपाटात कुलूप लावून ठेवलेला असे, आणि त्याची किल्ली शिपायाच्या करगोट्याला. संध्याकाळी शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम लागायचा तेव्हा दार उघडे. आम्ही पोरं पायरीवर बसून राहायचो, कारण तो संपल्यावर शिपाई कधी खूश असला तर ‘आपली आवड’ लावायचा. तिथं मी बुगडीचं गाणं ऐकलं. माडगूळकरांचं गीत, वसंत पवारांची चाल, आशाबाईंचा आवाज, हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळायचं की हे गाणं सुरू झालं की चावडीतली माणसं बोलायची थांबतात. पिक्चर १९५९ चा. पुण्याला विजयानंदमध्ये १३१ आठवडे चालला. आमच्यापर्यंत मात्र सात वर्षं नुसता आवाजच आला. त्या आवाजाला चेहरा कसला असेल, ह्याचा विचार मी गुरं राखताना कितीदा केला असेल त्याला गणती नाही.

तर पहिल्याच दिवशी मी तंबूच्या मागं घुटमळत होतो. ऑपरेटर बाहेर बादलीत तोंड धूत होता. पन्नाशीकडं झुकलेला, काळासावळा, बोटांची टोकं भाजून काळी पडलेली. मला बघून म्हणाला, ‘आरं पोरा, च्या आणतोस का?’ मी पळत जाऊन किटली भरून आणली. दुपारी परत आणली. तिसऱ्या वेळी त्यानं विचारलं, ‘हात स्वच्छ हायत का?’ मी दाखवले. ‘धुऊन ये,’ म्हणाला. आणि मला केबिनमध्ये घेतलं.

केबिन म्हणजे पत्र्याची खोली, चाकांवर उभी. आत एकच मशीन. दोन मशीनं असतात ती शहरातल्या थेटरात. तंबूत एकच, म्हणून दर रिळाला खेळ थांबायचा, आणि लोक शिट्ट्या मारायचे. मामा (मी त्याला मामाच म्हणायला लागलो) रीळ बदलेपर्यंत मी आधीचं रीळ चरख्यावर उलटं गुंडाळून ठेवायचं, हे माझं काम ठरलं. त्या बदल्यात तिन्ही खेळ फुकट. केबिनच्या भोकातून.

त्या सात-आठ दिवसांत मी जे शिकलो ते पुढं डी.एड.ला दोन वर्षांत शिकलो नाही. मशीनच्या आत दिवा नसतो, हे मला तेव्हा कळलं. कोळशाच्या दोन कांड्या असतात, तांब्याचा मुलामा दिलेल्या. त्या एकमेकींना टेकवून किंचित मागं घेतल्या की मधल्या फटीत वीज पेटते. त्या उजेडाकडं उघड्या डोळ्यांनी बघायचं नाही, काळ्या काचेतून बघायचं. कांड्या जळत जातात तशी फट वाढते, म्हणून मामा बोलता बोलता, जेवता जेवता, एका हातानं मूठ फिरवत राहायचा. पडद्यावर उजेड पिवळा पडला की समजायचं, ऑपरेटर डुलकी काढतोय.

फिल्म पळते असं आपल्याला वाटतं, पण ती पळत नाही. ती थांबत थांबत जाते. सेकंदाला चोवीस वेळा थांबते. एका फुटात सोळा चित्रं बसतात, मिनिटाला नव्वद फूट फिल्म खाली उतरते. मामा हे आकडे असे सांगायचा जसे आमचे आबा नांगराचे तास सांगायचे. एकदा त्यानं पट्टीच्या कडेची नागमोडी पांढरी रेघ दाखवली. ‘ह्यो आवाज.’ मी म्हटलं, आवाज दिसतो? ‘दिसतो की. पन ह्या चित्राचा न्हाय ह्यो. आवाज वाचायची जागा खाली हाय, म्हणून आवाज वीसएक चित्रं पुढं छापत्यात. ह्या बाईच्या शेजारी जो आवाज हाय, तो ती अजून बोललीच न्हाय.’

रेडिओचाही एक भ्रम त्यानंच मोडला. मी त्याला मोठ्या फुशारकीनं सांगत होतो की बुधवारी रात्री आठला आम्ही पाटलांच्या ओसरीवर सिलोन ऐकतो, अमीन सयानी पार तिकडून समुद्रापलीकडून बोलतात. तो हसला. ‘आरं, तो मुंबईत बसून बोलतो. तिथं टेप भरत्यात आनि विमानानं सिलोनला धाडत्यात.’ मला ते आजिबात आवडलं नाही. पुढं मोठेपणी वाचलं तेव्हा कळलं, तो बरोबर होता.

पेटीबरोबर एक रिप्रेझेंटेटिव्ह यायचा. पिक्चर तंबूवाल्याचा नसतो, भाड्यानं आणलेला असतो. तिकिटं किती फाटली ते बघायला आणि पेटी सुखरूप परत न्यायला वितरकाचा माणूस मुक्कामाला असतो. पांढरी विजार, काखेत वही. त्याची आणि मामाची बोलाचाली फारशी नसे. पेटी परत गेली की तिथं फिल्म तपासतात, आणि कुठं कमी भरली तर त्याचे पैसे कुणाच्या तरी पगारातून जातात, हे मामानं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणून हात स्वच्छ पाहिजेत. म्हणून फिल्मला नख लागता कामा नये.

फिल्म तुटली की मामा जोड द्यायचा. फाटकी टोकं कात्रीनं सरळ कापायची, एका टोकावरचा थर पात्यानं खरवडायचा, त्यावर ब्रशनं सिमेंट लावायचं, दुसरं टोक भोकाला भोक जुळवून बसवायचं आणि दाबून धरायचं. मनातल्या मनात वीस आकडे. मामाचा जोड बोटाला लागायचा नाही. कापलेले एक-दोन तुकडे खाली पडायचे ते केबिनबाहेरची पोरं वेचून न्यायची. उन्हात धरून बघायची. मलाही दोन मिळाले. एकात नुसतं झाड, दुसऱ्यात कुणाचा तरी फेटा.

मला पाहिजे होती जयश्री गडकर. बुगडीच्या गाण्यातली.

पाचव्या दिवशी दुपारी मामा डिझेल आणायला गेला. मी एकटा केबिनमध्ये चरख्यावर रीळ गुंडाळत होतो, आणि ते नेमकं तेच रीळ होतं. गाणं कुठं आहे ते मला एव्हाना फिल्म खिडकीसमोर धरून ओळखता यायला लागलं होतं. मी थांबवलं. बघितलं. एकामागं एक, सगळ्यांत तीच. डोळे, कपाळावरचं कुंकू, नथ, सगळं नखाएवढं. मला वाटलं, इतकी आहेत, त्यातली थोडी गेली तर कुणाला कळणार आहे? पडद्यावर तर ती अर्ध्या सेकंदात निघून जातात.

कात्री तिथंच होती. मी एक वीत कापली. बारा चित्रं. मग मामा करतो तसं खरवडलं, सिमेंट लावलं, टोकं जुळवली आणि दाबून धरलं. वीस मोजले की नाही, आठवत नाही. बाहेर कुणाची तरी चाहूल लागली म्हणून मी घाईनं गुंडाळून टाकलं. पट्टी टोपीच्या आत.

रात्रीच्या दुसऱ्या खेळाला तंबू फुटायला आला होता. गाणं सुरू झालं. मी भोकाला डोळा लावून उभा होतो, आणि बघत नव्हतो. मी मोजत होतो. मशीनमध्ये खट्ट झालं. जोड गेटात येऊन सुटला. माझी भोकं जुळली नव्हती. फिल्म अडकली, वरून येणारी येतच राहिली, आणि कोळशाच्या उजेडात अडकलेलं चित्र शिजायला लागलं. पडद्यावर जयश्रीबाईंच्या गालावर एक तपकिरी फोड आली आणि बघता बघता तोंडभर पसरली. मामानं उजेड पाडला तोवर सगळं झालं होतं. बाहेर आरडाओरडा, शिट्ट्या, कनातीवर दगड. भोंग्यावर मालक ‘माताभगिनींनो, बांधवांनो’ करत होता.

मामानं पंधरा मिनिटांत फिल्म दुरुस्त केली. जळलेलं, फाटलेलं, चुरगाळलेलं सगळं कापून काढावं लागलं. साडेचार फूट गेलं. म्हणजे तीन सेकंद. खेळ पुन्हा सुरू झाला, गाणं एकदम एका शब्दावरून दुसऱ्याच शब्दावर उडी मारून गेलं, आणि लोक ‘ओय’ करून हसले.

खेळ संपल्यावर रिप्रेझेंटेटिव्ह केबिनमध्ये आला. मालकही आला. मामा स्टुलावर बसला होता आणि त्याच्या तळहातावर तो सुटलेला जोड होता. तो बोटानं तो चाचपत होता. रिप्रेझेंटेटिव्ह म्हणाला, ‘गाण्याच्या ठिकाणीच बरी तुटली. पोरांना विकता काय तुकडे? दहा पैशाला एक?’ मामा म्हणाला, ‘मी इतकी वर्सं मशीन चालवतोय.’ ‘म्हणूनच म्हणतो,’ तो म्हणाला.

मामानं मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. म्हणाला, ‘पोरा, तू रिळाला हात लावला हुतास?’

तो रागानं बोलला नव्हता. चहा आणतोस का, ह्याच आवाजात विचारलं होतं.

मी म्हटलं, ‘न्हाय.’

टोपी माझ्या डोक्यावर होती. तो काहीच बोलला नाही. रिप्रेझेंटेटिव्हनं वहीत लिहून घेतलं. मालक सगळ्यांसमोर मामाला चोर म्हणाला, आणि पैसे पगारातून कापीन असं सांगून गेला. मी किटली उचलली आणि अंधारातून गाडीकडं आलो. आबा जागेच होते. खोंड विकला गेला होता, चांगल्या भावानं. सकाळी निघायचं म्हणाले. मला बरंच वाटलं. निघताना मी तंबूकडं बघितलंसुद्धा नाही.

पट्टी मी कंपासच्या पेटीत ठेवली. आईला दाखवली नाही, दोस्तांना दाखवली नाही. ज्यासाठी कापली ते सुख तिनं मला एकदाही दिलं नाही. पुढच्या साली यात्रेला गेलो ते मनाशी ठरवून, की सांगून टाकायचं. तंबू तोच होता. मशीनवर दुसराच माणूस. ‘तो गेला’ एवढंच कळलं. त्याच डिसेंबरात भूकंप झाला, आमच्या घराची भिंत गेली, आणि मग त्या घालमेलीत हे सगळं मागं पडलं. पडलं म्हणजे तसं वाटलं.

मी डी.एड. झालो, मास्तर झालो. १९७६ साली माझी बदली एका तालुक्याच्या गावी झाली. तिथं पक्कं थेटर होतं आणि ‘जय संतोषी माँ’ लागला होता. बाया थेटराच्या दाराशी चपला काढून आत जात होत्या, आरती सुरू झाली की पडद्याकडं पैसे फेकत होत्या. मी बायकोला घेऊन गेलो होतो. मध्यंतरात चहाला बाहेर आलो तर जिन्याच्या पायरीवर एक म्हातारा बिडी ओढत बसला होता. बोटांची टोकं काळी.

मी जवळ जाऊन म्हटलं, ‘मामा, ओळखलं का?’ त्यानं ओळखलं नाही. मी म्हटलं, ‘पुसेगाव. बुगडीचं गाणं.’

त्यानं बिडी विझवली. ‘वर ये,’ म्हणाला.

वर दोन मशीनं होती. मध्यंतर संपलं होतं, त्यानं रीळ चालू केलं आणि भोकाजवळ उभा राहिला. मी सगळं सांगितलं. दुपारी डिझेल आणायला गेला होतात, कात्री तिथं होती, टोपीत ठेवली. तो ऐकत होता, पण नजर पडद्यावर. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वरती क्षणभर एक ठिपका येतो. पहिला ठिपका आला की दुसरं मशीन सुरू करायचं, दुसरा आला की उजेड बदलायचा. त्यानं मला हातानं थांब म्हणून खूण केली, दोन्ही ठिपके गाठले, मशीन बदललं. खाली कुणाला काही कळलंही नाही. मग म्हणाला, ‘किती चित्रं हुती?’

‘बारा.’

‘आन् माझ्यावर साडेचार फूट.’

मी म्हटलं, ‘मला माहीत नव्हतं तुम्हाला कधी कळलं का.’

‘जोड हातात घेतला तवाच कळलं. माझा जोड सुटत न्हाय.’

‘मग तेव्हाच का नाही बोललात?’

तो माझ्याकडं वळला. ‘तुला इचारलं हुतं की,’ म्हणाला.

मला ह्याच्यावर काही बोलता आलं नाही. तो पुढं म्हणाला, पैशाचं त्याला एवढं नव्हतं. पैसे कापले, ती दिवाळी-संक्रांत कशीबशी निघून गेली. पण तंबूवाले सगळे एकमेकांना धरून. एकानं चोर म्हटलं की दुसरा मशीनला हात लावू देत नाही. दोन वर्षं त्यानं उसाच्या गुऱ्हाळावर काम केलं. मग इथं एक ओळखीचा भेटला. ‘तू व्हय म्हनला असतास तर मी तुला दोन थोबाडीत दिल्या असत्या आनि मिटलं असतं. पोरानं केलं म्हटल्यावर कोन काय म्हनतंय?’

दुसऱ्या दिवशी मी पट्टी घेऊन गेलो. त्यानं ती कडेला धरून उजेडात बघितली, बोटाचा ठसा उमटू न देता. ‘खरवडलेली बाजू चुकली हुती तुझी,’ म्हणाला. मग परत दिली. मी म्हटलं, ठेवा तुमच्याकडं. तो म्हणाला, ‘मी काय करू? कुठं जोडू ही? ती प्रिंट केव्हाच भंगारात गेली असंल. चांदी काढून घेत्यात, उरल्याच्या बांगड्या करत्यात.’

त्याच्याकडं मी नंतर अधूनमधून जात राहिलो. बोलणं व्हायचं ते मशीनचं, कार्बनच्या भावाचं, माझ्या पोरांचं. पुसेगावचं नाव त्यानं परत काढलं नाही. माफ केलं असं तो कधी म्हणाला नाही, आणि मीही विचारलं नाही. माझी बदली झाली, आणि तीन-चार वर्षांनी तिकडून आलेल्या एका शिक्षकानं सांगितलं, म्हातारा गेला.

हंसाबाई वाडकरांनी आपल्या आत्मचरित्राला त्याच पिक्चरचं नाव दिलं, ‘सांगत्ये ऐका’. शाळेच्या ग्रंथालयात ते पुस्तक आलं तेव्हा कपाटात लावताना माझा हात थोडा थांबला होता. एवढं सगळं चारचौघांत सांगायला केवढी छाती लागते, आणि मला एक शब्द सांगायला दहा वर्षं लागली.

पट्टी अजून आहे. आता ती आकसली आहे, कडेनं वाकडी झाली आहे, आणि डबी उघडली की शिरक्यासारखा आंबूस वास येतो. जुन्या फिल्मला तसा वास सुटतो, तिची ती मरायची रीत आहे. चेहरा अजून ओळखू येतो. शेजारची नागमोडी रेघही दिसते, ती अजून न बोललेल्या शब्दाची.

मी पस्तीस वर्षं वर्गात उभा राहिलो. वर्गात कुणाची पेन्सिल जायची, कुणाचा डबा जायचा, फीचे पैसे जायचे. पोरांना रांगेत उभं करून मी विचारायचो, कुणी घेतलं? सगळे न्हाय म्हणायचे. मग मी त्यांना बसायला सांगायचो, फळ्यावर काही तरी गणित लिहून द्यायचो, आणि सुट्टी झाली की एकेकाला व्हरांड्यात बोलावून परत एकदा विचारायचो, हळू आवाजात, बाकीचे ऐकत नसताना. दुसऱ्यांदा विचारल्यावर बहुतेक वेळा खरं बाहेर यायचं. इतर शिक्षक म्हणायचे, तुम्ही फार वेळ घालवता राव एका पेन्सिलीसाठी.